चुन्याचे ठिपके

८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबुर्गमध्ये विल्हेल्म रोंटगेन यांना क्ष-किरण गवसले. सहाच आठवड्यांनी त्यांनी पत्नीच्या हाताचा फोटो काढला: बोटांची हाडे आणि अंगठी. तेव्हापासून एक्स-रे म्हटले की हाड, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

स्तनात, हाड नसलेल्या जागी, चुन्याचे ठिपके दिसले ते १९१३ साली. बर्लिनचे सर्जन अल्बर्ट सॉलोमन यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे एक्स-रे घेतले होते. त्या ठिपक्यांचे मोल मात्र पुढे काही दशकांनी मोंटेव्हिडिओच्या राऊल लेबोर्न यांनी ओळखले. मॅमोग्राम, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, वाचणारे डॉक्टर आजही भिंग फिरवतात ते या ठिपक्यांसाठीच. चिमटीतून रांगोळी सांडावी तसे हे कण. गोलसर, विखुरलेले असले तर बहुधा निरुपद्रवी. एका जागी दाटलेले, वेडेवाकडे, दुधाच्या नळीच्या रेषेत असले तर सुईने तुकडा काढतात आणि कण हाती लागले का, हे बघायला त्या तुकड्याचाही एक्स-रे घेतात. (रिपोर्टमध्ये ‘कॅल्सिफिकेशन’ वाचून दूध सोडणाऱ्या बायका आहेत. सोडू नये, खाण्यातल्या कॅल्शियमने हे होत नाही.)

यातले काही कण कॅल्शियम ऑक्झलेटचे, ते बहुतेक निरुपद्रवी. घातक गाठीत सहसा सापडते ते हायड्रॉक्सिॲपटाइट. आपली हाडे आणि दात ज्याचे बनतात तेच खनिज. रोमच्या तोर वेर्गाता विद्यापीठात एलेना बोनान्नो, मानुएल शिमेका आणि सहकाऱ्यांना स्तनाच्या गाठींत हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागणाऱ्या पेशी दिसल्या. आजार पुढे हाडात जाण्याशी या पेशींचा संबंधही त्यांनी मांडला. इंग्रज सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ सालीच ७३५ रुग्णांच्या नोंदी चाळून म्हटले होते की कर्करोगाचे बी चहूकडे पडते, रुजते मात्र मानवणाऱ्या मातीत. काही बी हाडाच्या मातीची सवय मूळ गावातच, म्हणजे स्तनातच, लावून घेऊन निघत असावे.

‘असावे’ आम्ही जपून लिहिले. नुसत्या मॅमोग्रामवरून ‘हाडात जाणार’ असे आज कोणालाही सांगता येत नाही. उद्या त्या नावाने तपासणीची पॅकेजे निघाली तर ती लूटच समजावी.

शिवाय हे ठिपके हाताला लागत नाहीत, आणि आपल्याकडे बहुतेकींचा आजार कळतो तो गाठ हाताला लागल्यावर. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यात दर दोन वर्षांनी प्रशिक्षित हातांनी तपासलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. हात तरी पोचले पाहिजेत.

आणि स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपलेल्या बाईची पाठ दुखू लागली तर? तो हाडात गेलेला आजारही असू शकतो. महिनोन्‌महिने ती तेल लावते, शेक घेते, ‘वात असेल’ म्हणते. दुखणे थांबेना म्हणून मणक्याचा फोटो काढायला जाते, तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचे तिला कोणी विचारत नाही, तीही सांगत नाही. ती फाइल घरी कपाटावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवलेली असते.