साठ सेंटिमीटरचा खड्डा

प्रति,
रस्त्याकडेचे फलक उभारणारे कार्यालय

मार्गफलकाचा खांब खड्ड्याच्या जोरावर उभा राहतो. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या दरपृथक्करणात साध्या सूचना फलकासाठी हा खड्डा मापासह लिहिला आहे : 75×75×6 मिमीचा लोखंडी अँगल, जमिनीखाली 60 सेमी, भोवती 45×45×60 सेमीचा एम-15 काँक्रीटचा ठोकळा. कार्यालयाला हे पाठ असणारच. आरमोरी परिसरात आडव्या झालेल्या खांबांच्या बुडाशी मात्र घमेल्यात मावेल एवढा गोळा निघतो, बाकी सगळा मुरूम. आधीच्या अर्जांवर आवक क्रमांक तेवढे पडले.

पूर्ण मापाचा ठोकळा सुमारे 290 किलोचा होतो. 90 सेमी बाजूच्या त्रिकोणी फलकावर ताशी 100 किमीचा वारा ढोबळमानाने 20 किलोचा रेटा देतो. फलक दोन मीटर उंच, त्यात खड्ड्याची खोली मिळवायची. तरफेच्या हिशेबाने तळाशी 52 किलो-मीटरचा उलटवणारा जोर येतो. ठोकळा नुसत्या वजनावर 65 पर्यंत तग धरतो, भोवती ठोकून बसवलेल्या मातीचा आधार वेगळा. तोच ठोकळा 30 सेमी लांब, रुंद आणि खोल केला की वजन उरते 65 किलो, प्रतिकार 10 च्या आत, आणि उलटवणारा जोर 46. असा खांब पाडायला 2021 मध्ये छत्तीसगडातून आलेल्या रानहत्तींना तसदी द्यावी लागत नाही. मृगाआधीचे एक वादळ पुरते.

धानपट्ट्यातली कन्हार माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. उथळ ठोकळा तिच्यासोबत हलतो. भरावाच्या कडेला सैल मुरूम असेल तर घट्ट थर लागेपर्यंत खाली जावे लागते. अँगलच्या बुडाला आडवी सळई वेल्ड करतात, म्हणजे तो उपटून निघत नाही. मग ओळंबा, टेकू आणि सात दिवस पाणी. संध्याकाळच्या आत परतायच्या ट्रॅक्टरला सात दिवस परवडत नाहीत, हे समजण्यासारखे आहे. ठोकळ्याचा माथा जमिनीच्या किंचित वर आणि चारी बाजूंनी उतरता ठेवतात, कारण गंज मातीलगतच धरतो.

तपासणीला यंत्र लागत नाही. काँक्रीट ओतण्यापूर्वी खड्ड्यात टेप सोडून काढलेला फोटो देयकाला जोडला की झाले. नवे फलक मंजूर करण्याआधी त्याच टेपने जुने खड्डेही मोजता येतील. ते अजून उघडेच आहेत.