तुसाच्या राखेचा मालक कोण?

बोईसर स्थानकावर उतरून पश्चिमेची वाट धरली की तारापूरची औद्योगिक वसाहत मागे पडते आणि दहा-बारा किलोमीटरांवर चिंचणीचा किनारा लागतो. या टापूने देशाच्या प्रगतीचे काँक्रीट अर्धशतकाहून अधिक काळ पाहिले आहे. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. २००५-०६ मध्ये तेथील तिसरी व चौथी अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवणच्या ७६ हजार कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी मच्छीमारांचा विरोध डावलून झाली. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मार्गही याच पालघर जिल्ह्यातून जातो. सिमेंटच्या गाड्यांची येथे वाण नाही. मात्र याच जिल्ह्यातील वारली वा कातकरी कुटुंबाला घरकुलाचा स्लॅब पुरा करताना एकेका पोत्याचा हिशेब करावा लागतो. ही विसंगती नवी नाही. नवे एवढेच की, तिच्यावरचा एक अल्पसा उपाय ज्या वस्तूत दडलेला आहे, ती याच कुटुंबांच्या शेतात पिकते, आणि तरीही तिच्यावर त्यांचा हक्क नाही.

ही वस्तू म्हणजे भाताचे तूस. पालघर, डहाणू, वाडा, विक्रमगड हा सारा मुलूख भाताचा. वाड्याच्या कोलमला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याचे योग्य कौतुकही झाले. पण शंभर किलो भात भरडले की सुमारे वीस किलो तूस निघते, याची वास्तपुस्त कोणी केली नाही. हे तूस कधी वीटभट्टीत जाते, कधी बॉयलरखाली जळते, कधी गिरणीमागे ढीग होऊन पडते. जाळल्यावर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते. या राखेत साधारणतः ८५ ते ९५ टक्के सिलिका असते आणि सारे महत्त्व त्या सिलिकेत आहे.

सिमेंटमध्ये पाणी पडले की बंध तयार होतो. त्याच वेळी काही चुनाही मोकळा होतो. हा चुना काँक्रीटच्या बळात फारशी भर घालत नाही. उलट तो पाण्याबरोबर झिरपून जातो व काँक्रीट सच्छिद्र करतो. नीट जाळलेली आणि बारीक दळलेली तुसाची राख या मोकळ्या चुन्याशी संयोग पावते आणि त्यातून सिमेंटच्याच जातीचा नवा बंध निर्माण होतो. म्हणून शंभर किलो सिमेंटपैकी दहा-पंधरा किलोंच्या जागी ही राख घातली तर काँक्रीटचे बळ घटत नाही. पुष्कळदा ते वाढते. शिवाय काँक्रीट घट्ट होऊन खारे पाणी आत शिरणे अवघड होते. चिंचणीपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने सळई गंजणे, ती फुगून स्लॅबचे पापुद्रे सुटणे, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्या घराला पुन्हा डागडुजी परवडणार नाही, त्या घराला हा गुण सर्वांत अधिक मोलाचा.

हे ज्ञान काल-परवाचे नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील प्राध्यापक पी. के. मेहता यांनी १९७० च्या दशकातच तुसाच्या राखेवर मूलभूत संशोधन केले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ साली अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ग्रामीण तंत्रज्ञानासाठी ‘अस्त्र’ हे केंद्र उभे राहिले. चुना आणि तुसाची राख यांपासून गावातच बंधक द्रव्य तयार करता येईल, असे प्रयोग त्या काळात देशात झाले. भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत तुसाच्या राखेला काँक्रीटमधील पूरक द्रव्य म्हणून मान्यताही आहे. म्हणजे विज्ञान सिद्ध आहे आणि नियमही आडवा येत नाही. मग अडले कोठे?

उत्तर अर्थकारणात आहे. ज्या काळात हे प्रयोग झाले, तो काळ सिमेंटच्या टंचाईचा व परवान्यांचा होता. महाराष्ट्रात सिमेंटच्या वाटपाने मुख्यमंत्र्यांची खुर्ची हलवली. जानेवारी १९८२ मध्ये उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुले यांना पायउतार व्हावे लागले. त्याच वर्षी सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्णतः उठले. टंचाई सरली, तशी राखेची आठवणही सरली. बाजारात माल मिळू लागला की तो कोणाला परवडतो, हे विचारण्याची गरज धोरणकर्त्यांना वाटेनाशी होते. राख गरिबांच्या उपयोगाची होती. म्हणूनच ती प्रयोगशाळेत राहिली.

याउलट औष्णिक केंद्राच्या राखेचे भाग्य पाहावे. डहाणूचे औष्णिक केंद्र १९९५ साली सुरू झाले; १९९९ साली केंद्र सरकारने अधिसूचना काढून दगडी कोळशाच्या राखेचा वापर परिसरातील बांधकामांत बंधनकारक केला. आज बाजारातल्या पोत्यात ती राख मिसळलेली असते आणि गिऱ्हाईक तिचे मोल सिमेंटच्या भावाने मोजते. वीज कंपनीच्या राखेसाठी सरकार कायदा करते, शेतकऱ्याच्या राखेसाठी साधा ठरावही होत नाही. हा पक्षपात डोळ्यांवर येणारा आहे.

आता मालकीचा प्रश्न. आदिवासी तालुक्यांत आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने भात खरेदी करते आणि ते भरडाईसाठी गिरण्यांना देते. शंभर किलो भातामागे ६७ किलो तांदूळ गिरणीवाल्याने सरकारला परत करायचा. कोंडा, कणी आणि तूस त्याच्याकडे राहते. भरडाईचा दर अल्प ठेवता येतो तो यामुळेच, असे समर्थन केले जाते. व्यवहार म्हणून ते समजण्याजोगे असेल. पण शेतकऱ्याला हमीभाव मिळाला म्हणजे त्याच्या मालाचे सर्वस्व विकत घेतले, असे गृहीत धरण्याचा अधिकार कोणी दिला? प्रवरानगरच्या उसउत्पादकांनी १९५० साली स्वतःचा कारखाना चालवून दाखवला, तेव्हा साखरेबरोबर मळी आणि बगॅसही त्यांच्या मालकीची झाली. भात पिकवणाऱ्याच्या वाट्याला असे सहकाराचे दिवस आलेच नाहीत. ऊस बागायतदारांचा आणि भात आदिवासी व कुळांचा, हा भेद या मुळाशी आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. राख म्हणजे जादूची कांडी नव्हे. देशात वर्षाला तेरा कोटी टनांहून अधिक तांदूळ पिकतो. त्या साऱ्या भाताचे तूस जाळले तरी राख ऐंशी-नव्वद लाख टनांच्या घरात राहील. सिमेंटचे उत्पादन चाळीस कोटी टनांच्या आसपास आहे. म्हणजे राखेने सिमेंटची जागा घेण्याची गोष्ट निव्वळ भाबडी आहे. एका घराला शंभर पोती सिमेंट लागते असे धरले, तर त्यातील दहावा हिस्सा म्हणजे पाचशे किलो राख. तिला साडेबारा टन भात हवे. एकरी दहा क्विंटल पीक धरले तर साडेबारा एकरांचे. वस्तू इतकी मोजकी असल्यामुळेच ती कोणाच्या कामी लागावी, हा राजकीय प्रश्न ठरतो. बंदराच्या धक्क्याला आणि पुलाच्या खांबाला ती पहिल्यांदा गेली, तर तूस गावाचे, नफा कंत्राटदाराचा, असा जुनाच खेळ नव्या नावाने सुरू होईल.

दुसरी दक्षता श्रमिकांच्या आरोग्याची. तूस सुमारे सातशे अंशांच्या आत जाळले तरच सिलिका उपयुक्त रूपात राहते. अधिक तापमानाला ती स्फटिकरूप होते. मग सिमेंटशी तिचा संयोग मंदावतो आणि तिची धूळ फुप्फुसांत शिरून सिलिकोसिस जडवू शकते. म्हणून उघड्यावरच्या ढिगाची काळी राख उचलून सिमेंटमध्ये कालवणे ही फसवणूक ठरेल, आणि तोंडाला फडके बांधून बायामाणसांना राख चाळायला बसवणे हा गुन्हा. नियंत्रित भट्टी, बंदिस्त दळण, धुळीचा बंदोबस्त आणि प्रत्येक घाण्याची चाचणी या अटींशिवाय हे काम हाती घेऊ नये. राख घातलेल्या काँक्रीटला पाणी अधिक दिवस मारावे लागते, हेही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या पाड्यांच्या बाबतीत विसरून चालणार नाही.

मागणी मोठी नाही. भरडाईच्या करारात तुसाचा वाटा स्पष्ट लिहावा आणि तो भात विकणाऱ्या गावांच्या सहकारी संस्थांना परत मिळावा. जिल्ह्यात एक भट्टी आणि एक चाचणी-प्रयोगशाळा सार्वजनिक पैशातून उभी राहावी; तिच्यावर या संस्थांचे नियंत्रण असावे. सार्वजनिक बांधकाम विभागाने मानकातील तरतुदीचा आधार घेऊन घरकुले, शाळा आणि किनाऱ्यावरील छोट्या धक्क्यांसाठी या राखेच्या वापराचे नियम काढावेत. २०१६ साली केंद्राच्या घरकुल योजनेत मैदानी भागातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले. एवढ्या रकमेत घर बांधू पाहणाऱ्याला वाचलेली दहा पोती ही केवळ काटकसर नसते; कित्येकदा ती खिडकी किंवा दार असते.

डॉ. राममनोहर लोहिया यांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना मागे जाणारे ठरवले गेले. यंत्र लहान असावे याचा अर्थ ज्ञान लहान असावे असा नव्हता; ज्याच्या श्रमातून माल निघतो, त्याच्या आवाक्यात यंत्र असावे, हा तो आग्रह होता. तुसाच्या भट्टीला हे वर्णन नेमके लागू पडते.

कार्यकर्त्यांनी सुरुवात साधी करावी. यंदाच्या भरडाईच्या हंगामात आपल्या तालुक्यातील गिरण्यांत किती भात आले, तूस किती निघाले, ते कोणाला आणि कोणत्या भावाने विकले गेले, याची गावोगाव नोंद घ्यावी आणि ती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. शेतकऱ्याला आपल्या भाताचा भाव तोंडपाठ असतो. तुसाचा भाव त्याला कळेल, तेव्हा राखेची मागणी वेगळी करावी लागणार नाही.