नकाशावरची सही

घर बांधायचे म्हटले की आम्हां वाशीमकरांची पावले परवानाधारक इंजिनिअरच्या दाराकडे वळतात. नकाशा त्याचा, सही त्याची. जन्माची पुंजी मात्र आपली! डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखी काही ठिकाणे वगळून साऱ्या राज्याला बांधकामाची एकच नियमावली लागू झाली. आजूबाजूला मोकळी जागा किती सोडावी, इमारत किती उंच न्यावी, हे नव्याने ठरले. त्याआधीच परवाना मिळवलेल्या गृहस्थांनी ती वाचली आहे, असे आपण आपले धरून चालायचे! अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात इंजिनिअरला दर दोन वर्षांनी परवाना नवा करण्यासाठी १८ तास शिकावे लागते. त्यांतला एक तास निव्वळ कायद्याचा. आपल्याकडे वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे. इंजिनिअरांसाठी देशभराचा तसा कायदा अजून नाही.

शेतजमिनीत पाडलेले गुंठ्या-दोन गुंठ्यांचे प्लॉट कोणी पाहिले नाहीत? माप बिनचूक, कोपरे काटकोनात. आणि तुकडेबंदीचा मूळ कायदा १९४७ सालचा! आखणारा मोकळा होतो, घेणारा तहसिलीच्या पायऱ्या झिजवतो.

नूतनीकरणाच्या वेळी शुल्काच्या पावतीबरोबर नव्या नियमांचा दोन पानी पेपर का असू नये? तपासायला आम्ही मास्तर मंडळी बसू, निदान शुद्धलेखनापुरती!