संघ बांधायचा तर आधी बचाव की आधी आक्रमण? खालिद जमील यांच्यावरच्या टीकेच्या निमित्ताने

१४ ऑक्टोबर २०२५, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. चौदाव्या मिनिटाला मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगतेने गोल केला आणि भारत पुढे गेला. मध्यंतराच्या तोंडावर सिंगापूरच्या साँग उइ-यंगने बरोबरी साधली आणि ५८ व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. सामना २-१ असा गेला आणि त्याबरोबर २०२७ च्या आशिया कपमध्ये खेळण्याची भारताची आशाही गेली.

त्याच रात्रीपासून सगळा राग प्रशिक्षक खालिद जमील यांच्यावर निघतोय. "हा माणूस फक्त बचाव करायला शिकवतो, बचाव करून कुठे मॅच जिंकतात का?" असा सूर आहे. खालिद भाई जन्माने कुवेतचे, पण त्यांचं खेळाडू म्हणून आणि कोच म्हणून बरंचसं आयुष्य मुंबईत गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांची नेमणूक झाली. भारतीय संघाला भारतीय मुख्य प्रशिक्षक मिळाला तो सुमारे तेरा वर्षांनी. म्हणून आपल्या घरांत या टीकेची चर्चा जरा जास्तच होते. काही जण त्यांची बाजू घेतात ती फक्त आपला माणूस म्हणून. तेही बरोबर नाही. प्रश्न खेळाचा आहे, तर उत्तर खेळातूनच शोधलं पाहिजे.

प्रश्न साधा आहे. खिशात ठराविक पैसे आहेत आणि व्यावसायिक संघ उभा करायचा आहे. मग पैसे आधी मागे घालायचे की पुढे? गोल वाचवणाऱ्यांवर की गोल करणाऱ्यांवर?

आयझॉलने काय केलं?

खालिद भाईंनी २००९ ते २०१६ अशी सात वर्षं मुंबई एफसी हा क्लब सांभाळला. पैसा कमी, नावाजलेले खेळाडू नाहीत, तरी संघ आय-लीगमध्ये टिकून राहिला. लोक तेव्हाही म्हणायचे, कंटाळवाणं खेळतात. २०१६ मध्ये त्यांचा तिथला प्रवास संपला आणि ते मिझोरमच्या आयझॉल एफसीकडे गेले. हा क्लब आदल्याच मोसमात लीगमधून खाली घसरला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला परत जागा मिळाली होती.

खालिद भाईंनी मुंबईतून आशुतोष मेहता, जयेश राणे असे ओळखीचे खेळाडू सोबत नेले, सीरियाच्या महमूद अल अम्नासारखा खेळाडू मधल्या फळीत घेतला आणि संघ मागून बांधायला सुरुवात केली. आधी गोल खायचा नाही. दोन फळ्यांमध्ये अंतर ठेवायचं नाही. समोरच्याला चेंडू खेळू द्यायचा, पण आपल्या गोलसमोर जागा द्यायची नाही. आणि चेंडू मिळाला की तीन-चार पासमध्ये पुढे.

एप्रिल २०१७ मध्ये मोहन बागानसारखा मालदार संघ आयझॉलला आला आणि १-० ने हरून गेला. तो एकमेव गोल झोमिंगलियाना राल्टे या बचावपटूने डोक्याने केला. मोसम संपला तेव्हा आयझॉल मोहन बागानपेक्षा फक्त एका गुणाने पुढे होता. ईशान्य भारतातला क्लब देशाची सर्वोच्च लीग पहिल्यांदाच जिंकला होता. आणि त्याच मोसमात, खालिद भाई नसलेला मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला.

यातून पहिला धडा मिळतो. ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याने मागून सुरुवात करावी. कारण सरळ आहे. गोल करणं ही दुर्मिळ कला आहे, म्हणून ती महाग. बचावात शिस्त आणि सराव यांचा वाटा मोठा असतो आणि शिस्त शिकवता येते. बारा कोटींचा स्ट्रायकर परवडत नसेल, तर चार मेहनती माणसांना रोज सकाळी एकत्र सरकायला शिकवणं परवडतं.

मग ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचं काय?

आपल्या पोरांचा लाडका मोहम्मद सालाह घ्या. २०१७-१८ मध्ये त्याने प्रीमियर लीगमध्ये ३२ गोल केले. लिव्हरपूलने त्या मोसमात ८४ गोल केले, पण ३८ खाल्ले आणि संघ चौथा आला. चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदकडून ३-१ हरला, त्यातले दोन गोल गोलकीपरच्या चुकांमुळे झाले.

त्या मोसमाच्या मध्यावरच लिव्हरपूलने फिलिप कुटिन्होसारखा आक्रमक खेळाडू बार्सिलोनाला विकला होता. आता पैसा कुठे गेला ते बघा. ७५ दशलक्ष पौंड देऊन व्हर्जिल व्हॅन डाइक हा बचावपटू आणला. उन्हाळ्यात अॅलिसन हा गोलकीपर आणला, त्यालाही जवळपास तेवढीच किंमत मोजली. पुढच्या मोसमात लिव्हरपूलचे गोल ८४ वरून ८९ झाले, म्हणजे फार फरक नाही. पण खाल्लेले गोल ३८ वरून २२ वर आले. ७५ गुणांचा संघ ९७ गुणांवर गेला आणि जून २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग जिंकला. त्यानंतरच्या वर्षी ९९ गुण मिळवून तीस वर्षांनी लीग जिंकली.

आता सालाहचा हिशोब मांडा. ३२ गोल, मग २२, मग १९. त्याचे गोल कमी होत गेले आणि संघ वर चढत गेला! सालाह खराब खेळत होता असं अजिबात नाही. आधी त्याच्या दोन गोलांवर मागे दोन गोल खाऊन पाणी पडायचं. आता त्याचा एक गोलही पुरत होता. मागचं दार बंद झालं आणि पुढची कमाई घरात राहायला लागली.

दुसरी बाजूही ऐका

पण इथेच थांबून "बचाव जिंकला" म्हणणं म्हणजे अर्धी गोष्ट सांगणं. आर्सेनलकडे बघा. २०२४-२५ मध्ये प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात कमी, ३४ गोल त्यांनी खाल्ले. लिव्हरपूलने ४१ खाल्ले. तरी लीग लिव्हरपूलने जिंकली, कारण त्यांनी ८६ गोल केले आणि आर्सेनलने ६९. सालाहने त्या मोसमात २९ गोल केले आणि १८ गोलांना मदत केली. म्हणजे दार घट्ट बंद आहे, पण घरात कमाईच नाही, असं झालं तरी भागत नाही. बचाव तुम्हाला शर्यतीत ठेवतो. शर्यत जिंकायला शेवटी गोल लागतोच.

तिसरा दाखला पॅरिसच्या पीएसजीचा. २०१७ मध्ये त्यांनी नेमारसाठी २२२ दशलक्ष युरो मोजले. पुढे एम्बापे आला, २०२१ मध्ये मेस्सी आला. तिघे एका संघात! जर्सी विकल्या गेल्या, जगभर बातम्या झाल्या. पण हे त्रिकूट सोबत असताना दोन्ही वर्षं चॅम्पियन्स लीगमधून शेवटच्या सोळांतच बाहेर. चेंडू गेला की पुढचे तिघे उभे राहायचे आणि मागे सात जणांनी अकरांचं काम करायचं.

तिघेही गेल्यावर, ३१ मे २०२५ ला, त्याच पीएसजीने म्युनिकच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानला ५-० हरवलं. या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इतक्या फरकाने आजवर कोणी जिंकलं नव्हतं. पहिला गोल कोणाचा? अश्रफ हकीमीचा. तो आहे उजव्या बाजूचा बचावपटू. आणि पुढे खेळणारा उस्मान देम्बेले, ज्याला नंतर बॅलन डी'ओर मिळाला, तो इंटरच्या गोलकीपरला चेंडू खेळायला क्षणाचीही उसंत देत नव्हता. त्याच्या गोलांइतकंच त्याच्या या धावण्याचं कौतुक कोच लुईस एन्रिके यांनी जाहीरपणे केलं.

मला वाटतं खरं उत्तर इथे आहे. संघ मागून बांधायचा, पण बचाव म्हणजे मागचे चार जण असं समजायचं नाही. पुढचा खेळाडू चेंडू गेल्यावर धावत नसेल तर संघातलं सगळ्यात मोठं भोक तोच, मग तो कितीही गोल करो. आणि मागचा खेळाडू चेंडू मिळाल्यावर नुसता बाहेर मारत असेल तर आक्रमण तिथेच मेलं.

आता परत आपल्याकडे येऊ

आशिया कपच्या पात्रता फेरीत सिंगापूरविरुद्धच्या त्या सामन्यापर्यंत भारत चार सामने खेळला. बांगलादेशशी ०-०, हाँगकाँगकडून ०-१, सिंगापूरशी १-१ आणि मग १-२. यातले पहिले दोन सामने खालिद भाई यायच्या आधीचे. चार सामन्यांत गोल फक्त दोन. त्याआधी जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशिया कपमध्ये तीन सामने खेळून एकही गोल झाला नव्हता. तेव्हाही कोच दुसरे होते. म्हणजे गोल न होण्याचा आजार खालिद भाईंनी आणलेला नाही.

त्यांची चूक नाहीच असंही नाही. मडगावात आपण पुढे होतो आणि आघाडी राखता आली नाही. ज्याची ओळखच बचाव आहे त्याच्या संघाने घरच्या मैदानावर दोन गोल खाल्ले, हा प्रश्न त्यांना विचारलाच पाहिजे. संदेश झिंगन आधीच्या सामन्यात लाल कार्ड मिळाल्याने त्या दिवशी नव्हता, हे कारण आहे, पण पुरेसं नाही. तरी त्याच संघाने सप्टेंबरमध्ये काफा नेशन्स कपमध्ये आपल्यापेक्षा वरच्या क्रमांकावरच्या ओमानला पेनल्टी शूटआऊटमध्ये हरवून तिसरा क्रमांक मिळवला होता, हेही विसरू नये.

मग गोल करणारे भारतीय गेले कुठे? याचं उत्तर आपल्या क्लबांच्या खरेदीत आहे. आयएसएलमध्ये एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात उतरवता येतात. क्लबला निकाल लगेच हवा असतो, म्हणून पुढच्या जागेवर बहुतेक वेळा परदेशी स्ट्रायकर येतो. २०२४-२५ मध्ये सर्वाधिक, २३ गोल नॉर्थईस्ट युनायटेडच्या मोरोक्कन अलाएद्दीन अजारेने केले. त्याच्यानंतर कोण? १४ गोल करणारा सुनील छेत्री, वय ४०! आयएसएल २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून त्या मोसमापर्यंत गोल्डन बूट एकाही भारतीयाला मिळाला नव्हता. म्हणून तर निवृत्त झालेल्या छेत्रीला मार्च २०२५ मध्ये राष्ट्रीय संघात परत बोलवावं लागलं.

क्लबच्या मालकाला दोष देता येत नाही. त्याच्या जागी आपण असतो तरी तेच केलं असतं. पण सगळ्यांनी मिळून तेच केलं की देशाचा तोटा होतो. आपण आक्रमण विकत घेतलं, घडवलं नाही. विकत घेतलेला माणूस मोसम संपला की विमानाने निघून जातो आणि राष्ट्रीय संघाच्या कोचच्या हातात रिकामी जागा राहते.

मुंबई सिटीने हे दुसऱ्या बाजूने भोगलंय. २०२२-२३ मध्ये ५४ गोल करून त्यांनी लीग शिल्ड जिंकली, बघायला मजा यायची. पुढच्या मोसमात आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सहा सामने खेळले, सहाही हरले. एक गोल केला, १७ खाल्ले. रियाधमध्ये अल-हिलालने सहा घातले. देशात चालणारं आक्रमण बाहेर गेल्यावर पुरलं नाही आणि मागचा पायाही तेवढा पक्का नव्हता.

घरातल्यांसाठी दोन शब्द

संध्याकाळी मोहल्ल्याच्या मैदानावर जाऊन बघा. दहा पोरांना सालाह व्हायचं असतं. गोलमध्ये कोणाला उभं करतात? जो सगळ्यात लहान आहे, नाहीतर ज्याला धावता येत नाही त्याला. आणि कोचने पोराला मागे खेळवलं की अब्बा तक्रार घेऊन जातात, "माझ्या मुलाला पुढे का नाही खेळवत?"

त्यांना हकीमीची गोष्ट सांगा. माद्रिदमध्ये राहणारं मोरोक्कन कुटुंब, आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, वडील रस्त्यावर माल विकायचे. मुलगा बचावपटू झाला. २०२२ च्या वर्ल्ड कपमध्ये त्याच्या मोरोक्कोने उपांत्य फेरी गाठेपर्यंत पाच सामन्यांत एकच गोल खाल्ला, तोही स्वतःच्याच खेळाडूच्या पायाला लागून गेलेला. स्पेनविरुद्ध विजयाची पेनल्टी या बचावपटूनेच मारली.

खालिद भाई कोच राहतील की जातील, हे फेडरेशन ठरवेल. पण दुसरा कोणीही आला तरी त्याला हीच दोन कामं करावी लागतील: आधी मागचं दार बंद करायचं आणि मग घरातूनच गोल करणारा घडवायचा. पहिलं काम सहा महिन्यांत होऊ शकतं, आयझॉलने ते करून दाखवलं. दुसऱ्याला दहा वर्षं लागतात आणि ते कोणत्याही कोचच्या करारात बसत नाही. ते क्लबांच्या अकादमीत आणि आपल्या मैदानांवरच व्हायचं आहे.