सूची : आकडे संगणकाचे, नावं आपली

यवतमाळात मी बरीच वर्षं डीटीपीचं काम करते. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त मास्तर आपल्या गावच्या बुजुर्गांच्या आठवणींचं पुस्तक घेऊन आले. शेवटी नावांची सूची हवी, असा त्यांचा आग्रह होता. ती मी हातानं केली. एकेक पान पाहायचं, नाव लिहायचं, आकडा टाकायचा. शेवटचं प्रूफ झाल्यावर मास्तरांनी सुरुवातीला फोटोंची चार पानं वाढवली. सूचीतले आकडे मात्र तसेच राहिले. पुस्तक छापून आलं आणि एका मुलीचा फोन आला, "बाजी, सूचीत नानीचं नाव 87 व्या पानावर आहे, पण तिथं नानी नाहीच!"

नानी 91 व्या पानावर होती. चूक माझी होती. त्या मुलीनं विचारलं तरी. बाकीच्यांनी पुस्तक मिटून ठेवलं असेल.

अनुक्रमणिका पुस्तकाच्या पुढे असते आणि प्रकरणं सांगते. सूची मागे असते आणि कोणतं नाव, कोणता विषय कुठल्या पानावर आहे ते अकारविल्हे सांगते. आपल्या घरात 'फेहरिस्त' हा शब्द ओळखीचा आहे. मराठीतही तो 'फेरिस्त' होऊन आला. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न नदीम यांनी त्या काळच्या अरबी ग्रंथांची भली मोठी यादी केली, तिचं नाव 'अल-फिहरिस्त'. ते स्वतः वर्राक होते, म्हणजे ग्रंथांच्या नकला करणारे आणि विकणारे. एका अर्थी आमच्याच धंद्यातले.

आता काम कसं करायचं ते पाहू. इनडिझाइनमध्ये 'विंडो' मेनूत 'टाइप अँड टेबल्स'खाली 'इंडेक्स' उघडा. मजकुरातलं नाव सिलेक्ट करा, कंट्रोल आणि 7 दाबा, 'ओके' म्हणा. त्या नावाला एक अदृश्य खूण चिकटते. मजकूर सरकला की खूणही सरकते. सगळ्या खुणा झाल्या की 'जनरेट इंडेक्स', आणि सूची तयार. नंतर पानं वाढली तर पुन्हा 'जनरेट' करायलाच हवं. तयार सूचीत हातानं दुरुस्ती करू नका, पुढच्या वेळी ती पुसली जाते. दुरुस्ती इंडेक्सच्या खिडकीतच करा. घरी फक्त वर्ड असेल तर ऑल्ट, शिफ्ट आणि एक्स दाबून अशीच खूण करता येते.

मांडणीसाठी मथळा, अक्षर, नोंद आणि उपनोंद यांच्या वेगवेगळ्या स्टाइल ठेवा. टाइप मजकुरापेक्षा थोडा लहान, पानावर दोन रकाने. नोंद दुसऱ्या ओळीवर गेली तर ती ओळ जराशी आत घ्या, म्हणजे नजर नावांवरून सरळ खाली उतरते.

मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरामागे संगणकाला इंग्रजी अक्षरच दिसतं, आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते. म्हणून 'किताब', 'दिवस', 'विहीर' एकाच ढिगात जातात आणि 'कलम' भलतीकडेच. युनिकोडमध्येही 'ळ'कडे लक्ष ठेवा. आपल्या वर्णमालेत तो 'ह'नंतर येतो, युनिकोडच्या तक्त्यात 'ल' आणि 'व' यांच्या मधे. सॉफ्टवेअर नुसतं त्या तक्त्यावर चाललं तर आपलं कळंब 'कवठा'च्या आधी येतं. मराठी क्रमानं ते 'कहाणी'च्याही नंतर हवं. अशा वेळी 'सॉर्ट बाय' रकान्यात नोंदीला योग्य जागी नेणारं लेखन भरा. छापताना मूळ शब्दच येतो.

इथवर संगणक मदत करतो. पुढचं आपलं काम. सगळे शेख आणि सय्यद आडनावाखाली टाकले तर तीन पानं भरतील आणि कुणीच सापडणार नाही. तिथं पहिलं नाव आधी घ्या. एकाच माणसाचं नाव कुठं मुहम्मद, कुठं मोहम्मद, कुठं महंमद असतं. एक रूप पक्कं करा आणि बाकीच्यांसमोर 'पाहा' लिहा. गावांचंही तसंच. आपला जिल्हा 1905 पर्यंत सरकारी कागदांत वणी जिल्हा होता, इंग्रजीत 'वून'. जुन्या नोंदी शोधणाऱ्याला 'वणी जिल्हा, पाहा यवतमाळ' एवढी एक ओळ पुरते.

आणि बायकांची नावं. पुस्तकात 'अमक्यांच्या बेगम' असं लिहिलेलं असतं. संगणक तीच नोंद करील, कारण त्याला तेवढंच दिसतं. घरच्यांना विचारा, खरं नाव मिळवा आणि ते सूचीत स्वतंत्र घाला. मास्तरांच्या पुस्तकात मी ते केलं होतं, म्हणून त्या मुलीला नानी निदान सूचीत तरी दिसली.

छापायला देण्यापूर्वी पुस्तक न वाचलेल्या घरच्या कुणाला तरी सूची द्या आणि पाच नावं शोधायला सांगा. एक जरी सापडलं नाही, तर छपाई एक दिवस थांबवा.