पहिला कोण?

१९९६-९७मध्ये नॉर्वेचा बोर्गे औस्लँड एकट्याने अंटार्क्टिका पार करून गेला. ६४ दिवस, सुमारे २,८४५ किलोमीटर. वारा मिळाला की शीड लावायचा, एवढाच त्याचा गुन्हा. २०१८मध्ये अमेरिकेच्या कॉलिन ओब्रेडीने ५४ दिवसांत जेमतेम १,५०० किलोमीटर चालून 'एकट्याने, विनामदत अंटार्क्टिका ओलांडणारा पहिला' असा डंका पिटला. समुद्रावर पसरलेला बर्फाचा थर त्याने खंडात धरलाच नाही. ध्रुवापुढची वाट तर अमेरिकी तळाला इंधन नेणाऱ्या ट्रॅक्टरांनी सपाट केलेली, झेंडे रोवलेली. शीड ही मदत, मग रस्ता काय? स्लेज ओढणं कष्टाचंच, ते कोण नाकारतंय! पण टेस्ट पास होईना म्हणून टेस्टच बदलणारे आमच्या धंद्यातही मी पाहतो. त्यांच्या कोडला मी मंजुरी देत नाही.