परगावचा घास



जबलपूरहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्यांची कन्या शिक्षण आटोपून मुंबईस नोकरीला लागली. तीन मैत्रिणींसह भाड्याच्या खोलीत राहते. सकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण बहुधा बाहेरच होते. पत्रातील तक्रार पैशांची नाही आणि प्रकृतीचीही फारशी नाही. मुलीच्या जातीने एकटीने हॉटेलात बसून खावे हे मनाला पटत नाही, एवढेच त्या लिहितात. आणि या सदरातून बाहेरच्या खाण्याचे कौतुक होते म्हणून मलाही जाता जाता बोल लावतात.

त्यांना वाटणारा संकोच मी समजू शकते. कारण तो त्यांच्या एकटीचा नाही, त्याचे वय फार मोठे आहे. आणि तो केवळ मुलींपुरताही कधी नव्हता. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. पुढे ही हकीकत वर्तमानपत्रात नावनिशीवार छापून आली आणि गावात असे ग्रामण्य माजले की प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. रानडे आणि टिळक या दोघांनाही अखेर प्रायश्चित्ताचा मार्ग पत्करावा लागला. कारण काय, तर पेलाभर चहा! पावाचीही तीच कथा. ज्याच्या तोंडी पाव लागला तो बाटला, अशी समजूत आपल्याकडे कित्येक पिढ्या होती. रेल्वेच्या फलाटांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा आरोळ्या स्वातंत्र्यापर्यंत ऐकू येत असत.

म्हणूनच आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि हॉटेले यांच्या जोडीने सार्वजनिक उपाहारगृहांचा उल्लेख यावा, याचे मला अनुवादक या नात्याने नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकास तेथे प्रवेश करण्यास आडकाठी असता कामा नये, असा त्या कलमाचा आशय आहे. ज्यांनी तो मजकूर सिद्ध केला त्यांना उपाहारगृहाचे दार ही किरकोळ बाब वाटली नाही. त्या यादीत लिंग हा शब्दही आहे, हे पत्रलेखिका भगिनींनी कृपा करून ध्यानात घ्यावे.

आता प्रत्यक्ष खाण्याकडे वळू. आणि मुलगी मुंबईत आहे, तेव्हा आरंभ इराण्यापासून करणेच योग्य.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी इराणातील यझ्द, केरमान या भागांतून जरथुस्त्री लोक मुंबईस आले. त्यांच्यामागून काही इराणी मुसलमानही आले. नाक्यावरची जागा हिंदू व्यापाऱ्याला अशुभ वाटे, म्हणून ती इराण्याच्या पदरी स्वस्तात पडली, असे सांगतात. खरे कारण काहीही असो, दोन रस्त्यांवर उघडणारी दारे, संगमरवरी मेजे, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या आणि भिंतीवर आरसे असे हे दुकान ज्याला घर नाही अशा माणसाचे दिवाणखाने होऊन बसले. गिरणीतला कामगार, कारकून, टॅक्सीवाला, वकील, कवी सारे एकाच मेजाभोवती येत. आणि 'आपण कोण?' हा प्रश्न गल्ल्यावरचा शेठ विचारीत नसे. एका चहावर तासभर बसणाऱ्यालाही फार करून कोणी उठवीत नसे.

धोबीतलावाजवळ १९०४ साली स्थापन झालेले कयानी हे त्या पिढीतील दुकान. तेथे किंवा तशा कोणत्याही इराण्याकडे सकाळी जावे आणि ब्रून-मस्का मागवावा. ब्रून म्हणजे आपल्या लादीपावाचा हट्टी भाऊ. लादीपाव एकमेकांना खेटून भाजला जातो, त्यामुळे त्याच्या कडा मऊ राहतात. ब्रून सुटा आणि कडक आचेवर भाजतात, त्याच्या कणकेत तूप-साखरेचा लाड जवळजवळ नसतो. म्हणून त्याचे कवच खापरासारखे वाजते आणि गाभा मात्र हलका, सच्छिद्र राहतो. त्यात लोणी भरून तो 'पानीकम' चहात बुडवावयाचा असतो. बुडविण्याचाही हिशेब आहे. क्षणभर कमी बुडविला तर टाळूला खरचटतो, जास्त बुडविला तर लोणी चहावर तरंगू लागते. नवख्याने पहिल्या दिवशी पांढरा कुडता घालून जाऊ नये.

बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया हे १९२३ सालचे. तेथील बेरी पुलावात इराणातून येणारी झेरेश्क नावाची वाळवलेली आंबट फळे घालतात. भाताच्या तुपट गोडव्यात मध्येच दाताखाली येणारा तो आंबटपणा मला तर कोणत्याही चटणीपेक्षा सरस वाटतो. मालक बोमन कोहिनूर उतारवयातही मेजामेजांपाशी जाऊन स्वतः मागणी लिहून घेत. २०१९ साली वयाच्या ९७ व्या वर्षी ते निवर्तले.

या इराण्यांकडे पुष्कळदा आतल्या बाजूस अथवा माळ्यावर एक आडोसा असे आणि त्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी. बाहेर पुरुषांचा गलबला, आत बायकामुले. कलकत्त्याच्या जुन्या उपाहारगृहांना तर 'केबिन' हे नावच पडले. लाकडी कप्पे आणि त्यांना पडदे. आजच्या मुलींना हा पडदा हास्यास्पद वाटतो, आणि वाटावाच. पण तो लागण्यापूर्वी तेथे बाईला दारच नव्हते, हे विसरून चालणार नाही. माझ्या आजीने आयुष्यातले पहिले ऑम्लेट अशाच आडोशामागे खाल्ले. घरी आल्यावर तिने स्नान केले; पण पुढच्या महिन्यात आजोबांपाशी पुन्हा जाण्याचा विषय तिनेच काढला.

पडदा गेला म्हणजे सारे झाले, असे मात्र नव्हे. भाषांतराच्या कार्यशाळांनिमित्त मला निरनिराळ्या शहरी जावे लागते आणि रात्रीचे जेवण बहुधा एकटीने घ्यावे लागते. एका मोठ्या शहरातील झगमगीत उपाहारगृहात मला 'आणखी कोण यायचे आहे?' असे तीनदा विचारले. कोणी नाही म्हटल्यावर अर्धी मेजे रिकामी असताना हात धुण्याच्या जागेलगतचे मेज दिले. नळाच्या तुषारांसह मी तेथे पनीर खाल्ले, आणि ते पनीरही पाणचटच होते. भगिनींना खरी धास्ती घ्यावयाची असेल तर ती अशा ठिकाणांची घ्यावी. उलट माटुंग्यास रेल्वे स्थानकासमोर रामा नायकांची उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही १९४२ सालची खाणावळ आहे. अशा जागी पानावर बसलेला प्रत्येक जण फक्त एक भुकेला जीव असतो. केळीच्या पानावर भात, सार, दोन भाज्या, ताक. शेजारी कोण बसले आहे हे पाहण्यास कोणाला सवडच नसते.

आणि खाणावळीचा विषय निघालाच आहे, तर चुलीपलीकडच्या बायकांविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. बाहेर खाणाऱ्या बाईची चर्चा आपण करतो. पण मुंबईच्या गिरणगावात हजारो एकट्या पुरुषांना बाहेरचे जेवण घातले ते बायकांनीच, तेही आपल्या दहा-बारा फुटांच्या खोलीतून. सावकाराच्या व्याजात बुडालेल्या या खाणावळवाल्या भगिनींना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने एकत्र आणले आणि बँकेचे कर्ज त्यांच्या दारी पोहोचविले. भाकरी थापणे हे घरकाम नसून धंदा आहे, हे बँकेला पटवून देणे त्या काळी सोपे नव्हते.

मुंबईबाहेरची दोनच ठिकाणे सांगते. बंगळूरचे एम.टी.आर. आज देशभर ठाऊक आहे; पण १९२४ साली निघाले तेव्हा त्याचे नाव 'ब्राह्मिन कॉफी क्लब' असे होते. नावातच दारावरचा पहारा! यज्ञनारायण मैय्या १९५१ साली युरोपचा प्रवास करून आले. तेथील उपाहारगृहांची स्वच्छता आणि शिस्त पाहून आल्यावर त्यांनी दुकानाची रीत बदलली आणि नावही बदलले. ते मावळी टिफिन रूम्स झाले. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा येथेच रव्याची इडली निघाली असे ते सांगतात. बटाट्याच्या सागूबरोबर, वर तूप सोडून ती देतात. जातीच्या नावाने उघडलेल्या दारातून आज कोणीही आत जातो आणि आपला क्रमांक येईतो सर्वांबरोबर रांगेत तिष्ठतो, हे मला त्या तुपाइतकेच रुचकर वाटते.

दुसरे ठिकाण म्हणजे इंडियन कॉफी हाउस. त्याच्या शाखा इतक्या गावी आहेत की वाचकांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे असेल. कॉफी बोर्डाने १९५० च्या दशकात आपली कॉफीगृहे बंद करण्यास घेतली तेव्हा नोकरी गमावलेल्या कामगारांनी, ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने, सहकारी संस्था काढून ती स्वतःच चालवावयास घेतली. १९५७ साली बंगळुरास आणि १९५८ साली त्रिचूरला. डोक्यावर तुरेदार फेटा घालून पेला आणून ठेवणारा माणूस हा म्हणजे दुकानाचा भागीदारच असतो. याचा परिणाम असा की तो तुमच्यापुढे लवत नाही आणि तुम्हांला घाईही करीत नाही. कलकत्त्यास कॉलेज स्ट्रीटवर, जुन्या आल्बर्ट हॉलमध्ये, बिनदुधाच्या कॉफीस 'इन्फ्यूजन' म्हणतात. ती मागवून एकटी बाई तीन तास वाचीत बसली तरी कोणाची भुवई उंचावत नाही, हे मी स्वतः करून पाहिले आहे. तिरुवनंतपुरमला तंपानूरजवळचे कॉफी हाउस तर लॉरी बेकर यांनी शंखासारखे वळत चढणारे बांधले आहे; मेजे आणि बाकेही बांधकामातलीच. केरळातील या घरांत मसाला डोशाच्या भाजीत आणि कटलेटात बीट घालतात. पहिल्यांदा तो लाल रंग पाहून मन कचरते. मग सवय होते, आणि पुढे बटाट्याची पिवळी भाजी फिकी वाटू लागते.

माझा भगिनींशी खरा मतभेद येथेच आहे. आज मुलीने बाहेर जाऊन खावे की नाही, हा प्रश्नच जुना होत चालला आहे. कारण आता बाहेरचे खाणे खोलीच्या दारात येते. बोटाने दूरध्वनीचा पडदा दाबला की अर्ध्या तासात डब्यात बंद केलेले जेवण हजर. ज्या स्वयंपाकघरातून ते येते त्याला पुष्कळदा मेजे-खुर्च्या नसतातच, रस्त्यावर उघडणारे दारही नसते. पावसात, दुखण्यात ही सोय मोलाची, यात शंका नाही. पण चार मुली एका खोलीत चार निरनिराळे डबे उघडून आपापल्या पडद्याकडे पाहत जेवतात, हे चित्र मला हॉटेलात एकट्या बसलेल्या मुलीहून अधिक काळजीचे वाटते. हॉटेलातली मुलगी निदान एकटी नसते. समोर अनोळखी माणूस तरी असतो, आणि मीठ मागण्यापुरते त्याच्याशी बोलावे लागते.

इकडे बसण्याच्या जागा तर कमी होत आहेत. मुंबईत एके काळी शेकड्यांनी असलेल्या इराण्यांपैकी आज फार थोडे उरले. नाक्याच्या जागेला आलेले मोल आणि पुढच्या पिढीने धरलेल्या निराळ्या वाटा ही त्याची सरळ कारणे आहेत. त्यात भट्टीचा प्रश्न आला. हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. खवय्या म्हणून मला ब्रूनच्या कवचाची काळजी वाटते, हे उघड आहे. पण भट्टीच्या तोंडाशी आयुष्य काढलेल्या भटारखान्यातील माणसांची छाती आणि शेजारच्या चाळीतील मुलांचा श्वास पाहता न्यायालयाशी वाद घालवत नाही. छोट्या बेकरीवाल्यास नवी भट्टी बांधण्यापुरते कर्ज सुलभ रीतीने मिळावे, एवढे मात्र आग्रहाने म्हणावेसे वाटते. खाणावळवाल्या बायकांना ते मिळाले होतेच.

पुण्याच्या लष्कर भागातील कयानी बेकरी ही १९५५ सालची. तिची श्रूजबरी बिस्किटे डब्यात घालून परगावी नेण्याचा प्रघात आहे, आणि ती आठवडाभर उत्तम टिकतात. तेव्हा मुलगी सुट्टीत जबलपुरास येताना ती आणू शकेल. ब्रून मात्र प्रवासात नेऊ नये. दुसऱ्या दिवशी तो इतका कडक होतो की चहाही हार खातो. तरी उरलाच तर जाड काप करावेत, तव्यावर लोणी सोडून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी परतावेत आणि वर मिरपूड घालून गरम असतानाच खावेत.